लोकसेवकाच्या गौरवाचा साक्षीदार

आमच्या तालुक्याच्या गांवीं एक जुनें सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या वर्धापनदिनीं गांवांतील किंवा आसपासच्या खेड्यांतील एका सरकारी अथवा निमसरकारी नोकराचा ‘उत्तम लोकसेवक’ म्हणून जाहीर सत्कार करावा, असा ठराव कार्यकारी मंडळानें तीन वर्षांपूर्वीं केला. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि वर्गणींतून जमेल तेवढी रक्कम, असें त्या सत्काराचें स्वरूप. पहिल्या वर्षीं एका टपालवाल्याचा आणि दुसऱ्या वर्षीं सरकारी दवाखान्यांतील एका परिचारिकेचा सत्कार झाला. दोन्ही वेळां सभागृह भरलें होतें. यंदा मंडळाचा एक सभासद या नात्यानें मींच एका तलाठ्याचें नांव सुचविलें. मी प्रोफेसर, तेव्हां मानपत्राचा मसुदा करण्याचें कामहि ओघानेंच माझ्याकडे आलें. त्या मसुद्यानें मला जो विचार करावयास लावला तो वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मसुद्यांत मीं एक वाक्य असें घातलें होतें : “आपल्या दारांतून कोणीहि विन्मुख गेला नाहीं.” असलीं वाक्यें मानपत्रांत लेखणी आपोआप लिहिते, लिहिणारा त्यांच्या अर्थाकडे पाहत नाहीं आणि ऐकणाऱ्याला तर त्यांची अपेक्षाच असते. बैठकींत मसुदा वाचून दाखविला तेव्हां आमच्या मंडळांतील एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, “सर, हें ‘कोणीहि’ म्हणजे कोण कोण, तें एकदां सांगा.” मीं हंसून वेळ मारून नेली. पण घरीं आल्यावर तो प्रश्न मनांतून जाईना. माझ्या थोरल्या बंधूंच्या निधनानंतर वडिलोपार्जित जमिनीच्या वारसनोंदीचें काम या तलाठ्यानें मला एकहि खेप घालावयास न लावतां पुरें करून दिलें होतें. एक कागद कमी पडला, तर त्यानें स्वतः फोन करून कळविलें. माझ्या शिफारशीचें मूळ तेथें होतें. त्याच पावसाळ्यांत आमच्या वाटेकऱ्याचा बापहि वारला. त्यांची स्वतःची जमीन अवघी तीस गुंठे. तिच्यावरील वारसनोंद त्याच चावडींत अकरा महिने पडून होती. हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. “तुमचं झालं ना सर, मग आमचंबी होईल कधीतरी,” असें तो बांधावर उभा राहून एकदां मला म्हणाला होता, आणि मीं तें तलाठ्याच्या कार्यक्षमतेचें प्रशस्तिपत्र म्हणून ऐकलें होतें! तलाठी लांच खातो असें कोणी म्हणत नाहीं. मलाहि तसा संशय नाहीं. कोणाचा अर्ज वर ठेवावा आणि कोणाचा खालीं, एवढें त्याला कोणीं न सांगतां समजतें, इतकेंच. त्या समजुतीचा लाभ मला झाला, आणि त्या लाभालाच मी लोकसेवा हें नांव देत होतों.

सार्वजनिक सत्कारांवर सामान्यतः दोन आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार आधीं करून टाकूं. पहिला असा कीं, ज्याला पगार मिळतो त्यानें काम केलें यांत विशेष तें काय? महाराष्ट्रांत २०१५ सालीं लोकसेवा हक्क अधिनियम झाल्यापासून या आक्षेपाला अधिक धार आली आहे. त्या कायद्यानें अधिसूचित केलेली सेवा ठरीव मुदतींत मिळणें हा नागरिकाचा हक्क झाला, आणि ती विनाकारण अडविणाऱ्यास दंडाची तरतूद झाली. हक्कानें मिळणाऱ्या वस्तूबद्दल शाल पांघरूं लागलों, तर ती वस्तु पुन्हा मेहेरबानी होऊन बसते, हें खरेंच आहे. पण कामाच्या नियमांत जें लिहिलेलें असतें आणि चांगला माणूस तें काम करतांना जें करतो, त्यांच्यामध्यें पुष्कळच अंतर असतें. पाकीट दारांत टाकलें कीं टपालवाल्याचें कर्तव्य संपतें. आम्हीं ज्याचा सत्कार केला तो टपालवाला, मुलगा परगांवीं असलेल्या म्हाताऱ्यांच्या ओट्यावर बसून तें वाचून दाखवी, आणि वाईट बातमी असली तर शेजाऱ्याला हांक मारून मग वाची. याचा मोबदला कोणत्याहि वेतनश्रेणींत बसत नाहीं, आणि याच्याबद्दल कोणी हक्कहि सांगूं शकत नाहीं.

दुसरा आक्षेप गीतेचें नांव घेऊन येतो. खरा सेवक निष्काम असतो. त्याला हारतुरे कशाला? हा युक्तिवाद करणारे बहुधा घेणाऱ्यांच्या पक्षांतले असतात हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. फळाची आशा धरूं नये, हा नियम कर्त्यासाठीं आहे. फळ खाणाऱ्यानें कृतज्ञता विसरावी अशी सूट त्यांतून कोठेंच निघत नाहीं. सेवकाची निरपेक्षता हा त्याचा प्रश्न, आणि समाजाची कृतज्ञता हा समाजाचा. तेव्हां सत्कार करावा कीं न करावा, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाहीं. तो कोणाच्या साक्षीवरून करावा, हा खरा प्रश्न आहे.

अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथांत आरंभींच मानाचा विचार केला आहे. मान हें मनुष्याचें परम श्रेय होऊं शकत नाहीं, असें तो ठरवितो; कारण मान हा घेणाऱ्यापेक्षां देणाऱ्यांवर अधिक अवलंबून असतो. पुढें त्यानें आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. माणसें मानाच्या मागें लागतात तीं आपण चांगले आहों अशी स्वतःची खातरी पटावी म्हणून. आणि म्हणूनच जाणत्यांकडून, व आपली ओळख असणाऱ्यांकडून मान मिळावा, असें त्यांना वाटतें. याचा अर्थ असा कीं सत्कार ही देणगी नव्हे, ती एक साक्ष आहे. ‘हा मनुष्य आम्हीं पाहिला आहे आणि तो चांगला आहे,’ असें शपथेवर सांगण्यासारखेंच तें कृत्य आहे. साक्ष म्हटली कीं साक्षीदाराला विचारावयाचे प्रश्न आलेच : तुम्ही काय पाहिलें, कोठून पाहिलें, आणि तुमचा त्यांत कांहीं संबंध होता काय?

हे प्रश्न अथेन्सच्या लोकांनीं कायद्यांतच घालून ठेविले होते. इ. स. पूर्वी ३३६ मध्यें टेसिफॉन नांवाच्या नागरिकानें असा ठराव मांडला कीं, डेमॉस्थेनिसला त्याच्या लोकसेवेबद्दल सोन्याचा मुकुट द्यावा, आणि तो नाटकांच्या उत्सवांत, भर रंगमंदिरांत जाहीर करावा. डेमॉस्थेनिसकडे त्या वेळीं शहराच्या तटबंदीच्या दुरुस्तीचें काम होतें, व तींत त्यानें पदरचा पैसाहि घातला होता. ईस्किनीस हा त्याचा जुना वैरी. त्यानें ठराव बेकायदा आहे म्हणून टेसिफॉनवर फिर्याद केली. तिची सुनावणी सहा वर्षांनीं, इ. स. पूर्वी ३३० मध्यें झाली. फिर्यादींत मुद्दे तीन होते. अधिकारावर असलेल्या मनुष्यानें आपल्या कामाचा हिशेब देऊन तो तपासून घेतल्याखेरीज त्याला मुकुट देतां येत नाहीं, हा पहिला. मुकुटाची घोषणा लोकसभेंत व्हावयास पाहिजे, रंगमंदिरांत नव्हे, हा दुसरा. आणि ठरावांत डेमॉस्थेनिसची जी स्तुति आहे ती खोटी असून, सार्वजनिक लेखांत असत्य लिहिणें हा गुन्हा आहे, हा तिसरा.

निकाल डेमॉस्थेनिसच्या बाजूनें लागला. ईस्किनीसला पंचमांश मतेंहि पडलीं नाहींत आणि तो अथेन्स सोडून गेला. डेमॉस्थेनिसच्या भाषणाची कीर्ति आमच्या पिढीला वर्गांतच ऐकावयास मिळाली, आणि तो जिंकला याचा आनंदहि आम्हांला झाला होता. आज त्या खटल्याकडे पाहतांना माझें मन निराळ्याच ठिकाणीं अडकतें. फिर्यादी मत्सरी होता हें खरें. पण ज्या कायद्यांचा त्यानें आधार घेतला ते कायदे मत्सरानें केलेले नव्हते. हिशेब आधीं आणि मुकुट मागून, हा क्रम ज्यानें प्रथम ठरविला त्याला माणसाच्या जिभेची चांगली पारख असली पाहिजे. एकदां मुकुट चढविला कीं हिशेब मागण्यास ती रेंगाळते. तिसऱ्या मुद्द्यानें तर मी चपापलोंच. माझें ‘कोणीहि’ हें सार्वजनिक लेखांत घातलेलें असत्य होतें, आणि अथेन्समध्यें मजवर खटला चालला असता.

आमच्याकडे असे नियम नाहींत, अशी कोणी समजूत करून घेऊं नये. केंद्र सरकारच्या १९६४ सालच्या मुलकी सेवा वर्तणूक नियमांपैकीं चौदावा नियम असा आहे कीं, सरकारी नोकरानें पूर्वपरवानगीवांचून मानपत्र स्वीकारूं नये आणि आपल्या गौरवार्थ भरविलेल्या सभेस जाऊं नये. खाजगी स्वरूपाच्या साध्या निरोपसमारंभाला त्यांत मोकळीक आहे. महाराष्ट्राचे १९७९ सालचे नियमहि याच वळणाचे आहेत. बहुतेक सत्कार-समित्यांना याची दादहि नसते. परवानगी ही एक कागदी अडचण आहे असें समजून ती उरकली जाते. नियमामागील शहाणपण मात्र साधें आहे. ज्याच्या हातांत आज माझा फेरफार, माझी पाणीपट्टी, माझ्या मुलाचा दाखला आहे, त्याला मी घातलेला हार हा निव्वळ हार राहत नाहीं. बदल्यांच्या २००५ सालच्या कायद्याप्रमाणें अधिकाऱ्याचा एका जागेवरील सामान्य मुक्काम तीन वर्षांचा. तेव्हां सत्कारासाठीं त्याच्या जाण्याची वाट पाहणें कांहीं फार मोठें तप नव्हे. गेलेल्या अधिकाऱ्याच्या सत्काराला सभागृह भरलें, तर तो सत्कार खरा. आमच्या गांवांत असें एकदांच घडलेलें मला आठवतें.

साक्षीदार बदलला कीं साक्ष कशी बदलते, याचें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. १८६५ सालीं आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. शहराच्या आरोग्यासाठीं आणि बांधणीसाठीं त्यांनीं केलेली खटपट खोटी नव्हती. १८६९ सालीं बांधून पुऱ्या झालेल्या मोठ्या बाजाराला त्यांचें नांव मिळालें, आणि पुढें कित्येक पिढ्या मुंबईकर ‘क्रॉफर्ड मार्केट’ म्हणत राहिला. पुढें हेच गृहस्थ मध्य भागाचे कमिशनर म्हणून पुण्यास आले. मामलेदारांकडून पैसे घेऊन त्यांच्या नेमणुका-बढत्या केल्याचे आरोप १८८८ सालीं त्यांच्यावर आले व चौकशी-मंडळ बसलें. लांचेचे आरोप शाबीत झाले नाहींत. परंतु हाताखालच्या माणसांकडून कर्जें घेतल्याचें ठरलें आणि त्यांना नोकरींतून दूर करण्यांत आलें. अभयवचनावर विसंबून ज्या मामलेदारांनीं साक्षी दिल्या, त्यांच्यापैकीं कित्येकांवरच पुढें गदा आली आणि टिळकांना त्यांची बाजू घेऊन झगडावें लागलें. क्रॉफर्ड तेच, पण बाजाराच्या दगडी कमानीखालून दिसलेले निराळे आणि मामलेदाराच्या कचेरींतून दिसलेले निराळे. नांव देणारे लोक खोटें बोलत होते असें मी म्हणत नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें सांगितलें. ज्यांना अधिक दिसलें असतें, त्यांना त्या वेळीं कोणीं विचारलें नव्हतें.

योगायोग असा कीं, त्याच १८८८ सालीं, ११ मे रोजीं, मुंबईच्या मांडवी भागांतील कोळीवाड्यांत एक सभा भरली आणि तींत जोतीराव फुल्यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यांत आली. १८४८ सालीं मुलींची शाळा काढल्यापासून चाळीस वर्षांचें काम लोकांच्या डोळ्यांपुढें होतें. म्हणजे अथेन्सच्या भाषेंत बोलावयाचें तर हिशेब तपासून झालेला होता. पदवी जाहीर करणारे विठ्ठलराव वंडेकर स्वतः सरकारचे रावबहादुर होते, हीहि एक गंमतच. पण सभा सरकारची नव्हती. ज्यांच्यासाठीं जोतीराव झिजले त्यांच्यांतलेच लोक तेथें जमले होते, आणि जोतीरावांच्या हातून त्यांना उद्यां कोणता दाखला मिळावयाचा नव्हता.

जोतीरावांना स्वतःला असल्या समारंभांचें वेड मुळींच नव्हतें. १८७६ पासून १८८२ पर्यंत ते पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते तेव्हां त्यांच्या स्वागताप्रीत्यर्थ एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा, असें म्हणून विरुद्ध मत देणारे जोतीराव हे एकटेच सभासद होते. पुण्याची मोठी मंडई बांधण्यावरील खर्चालाहि त्यांचा विरोध होता. १८८६ सालीं ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें उघडली. आज त्या मंडईला जोतीरावांचें नांव आहे, आणि मुंबईच्या क्रॉफर्डसाहेबांच्या बाजारालाहि त्यांचेंच. दोन्ही पाट्या पाहून जोतीरावांनीं काय म्हटलें असतें याची मला कल्पना करवते. पण ती लिहिण्याचें धाडस मी करीत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, मग प्रत्येक सत्कारापूर्वीं जनमत घ्यावें काय? तसें मुळींच नव्हे. मतमोजणींत ज्याचा गोतावळा मोठा तो जिंकतो, आणि हल्लीं फोनवरून मतें मागविणाऱ्या संस्थांनीं याचा पुष्कळ अनुभव आणून दिला आहे. मला सुचवावयाचें आहे तें निराळें. एका लोकसेवकाविषयीं शंभर माणसांना विचारण्यापेक्षां चारच माणसांना विचारावें. मात्र तीं चार, त्याच्या रांगेंत सर्वांत शेवटीं उभीं असणारीं असावींत. ज्याच्यापाशीं ओळख नाहीं, ज्याला अर्ज लिहितां येत नाहीं, ज्याचा शाप लागत नाहीं आणि ज्याच्या आशीर्वादाचा उपयोग नाहीं, त्याच्याशीं हा मनुष्य कसा वागला? आम्ही प्रोफेसर, वकील, डॉक्टर, व्यापारी, हे सारे अशा कामीं निकामी साक्षीदार आहों. आमच्याशीं सगळेच चांगले वागतात. दुर्दैव असें कीं सत्कार-समित्या भरतात त्या आमच्यांनींच.

याहून कठीण अशी एक अडचण आहे, आणि तिला माझ्यापाशीं पुरें उत्तर नाहीं. कांहीं सेवा अशा असतात कीं त्यांना साक्षीदारच नसतो. खेड्यांतील पाणीपुरवठ्यावरचा माणूस घ्या. रोज पहांटे टांकीवर चढून, ठरल्या मापानें टीसीएलची पावडर कालवून पाण्यांत सोडावयाची, आणि कोणत्या तरी शेवटच्या नळाच्या पाण्याची ओ. टी. चाचणी करून पिवळा रंग आला कीं नाहीं तें वहींत लिहावयाचें. एवढेंच त्याचें काम. त्यानें तें वर्षभर मन लावून केलें, तर काय होतें? कांहींच होत नाहीं. कावीळ होत नाहीं, हगवण-वांतीची साथ येत नाहीं, तालुक्याहून मोटारी येत नाहींत, वर्तमानपत्रांत नांव येत नाहीं. साथ आल्यावर जो डॉक्टर रात्रंदिवस राबतो त्याचा सत्कार होतो, आणि तो व्हावयासहि पाहिजे. त्यानें बरें केलेले लोक बोट दाखवून सांगूं शकतात. परंतु न आलेल्या साथीमुळें कोण वांचलें, हें वांचणाऱ्यालाहि ठाऊक नसतें. उलट पाण्याला वास येतो म्हणून तोच त्या गड्याला चार शब्द ऐकवितो. जी माणसें आपल्या कामानें संकटाला दिसूंच देत नाहींत, त्यांच्याकडे कृतज्ञता वळतच नाहीं. ती नेहमीं संकटाच्या मागून चालते. अशा ठिकाणीं त्याची वही हाच एक साक्षीदार. ती खरी लिहिलेली आहे कीं महिन्याच्या शेवटीं एका बैठकींत, एकाच शाईनें भरलेली आहे, हें पाहणारा डोळा तेवढा पाहिजे. सत्कार-समितीनें हार विकत घेण्यापूर्वीं एखादी दुपार अशा वह्या चाळण्यांत घालविली, तर तिला गांवाची बरीच नवी ओळख होईल.

आमच्या मंडळाचें काय झालें तें सांगतों. मीं मसुदा परत घेतला. तलाठ्याचें नांव त्याची बदली होईपर्यंत पुढें ढकलावें असें ठरलें. कारण काय द्यावें यावर अर्धा तास गेला, आणि शेवटीं कांहींच कारण लिहूं नये असें ठरलें. वाटेकऱ्याबरोबर मी एक दिवस चावडीवर गेलों. आठव्या दिवशीं त्याची नोंद झाली. त्याला फार आनंद झाला, त्यानें घरीं भुईमुगाच्या शेंगा आणून दिल्या, आणि मी मात्र खजील झालों; कारण मी बरोबर गेलों म्हणून ती झाली, आणि जो प्रोफेसराला बरोबर नेऊं शकत नाहीं त्याचा कागद आणखी एक जागा खालीं सरकला असणार. हें मीं बाईंना सांगितलें. त्या म्हणाल्या, “तें खरंच आहे, सर. पण त्याचं काम झालं हेंहि खरं आहे.”

बाईंच्याच सूचनेवरून गेल्या महिन्यांत बाजाराच्या दोन दिवशीं आम्ही दोघे एस. टी. स्थानकावर वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या माणसांपाशीं बसलों. “तुम्हांला सरकारी माणसांपैकीं कोण माणसासारखं वागवतं?” एवढाच प्रश्न. पुष्कळांनीं आम्हांला निवडणुकीचीं माणसें समजून तोंड फिरविलें. एका म्हातारीनें उलट विचारलें, “पैसं मिळायचं हायेत का?” तरीहि तीन नांवें पुन्हा पुन्हा आलीं. एक, शाळेच्या मुली फाट्यापर्यंत पोंचेतों शेवटची गाडी दोन मिनिटें थांबवून धरणारा कंडक्टर. एक, सोनोग्राफीच्या रांगेंत पाणी आणून देणारी दवाखान्यांतली आया. आणि तिसरा, एका वाडीवरचा पाणी सोडणारा गडी, ज्याचें आडनांव सांगणाऱ्यांनाहि ठाऊक नव्हतें. मंडळांतल्या एकानेंहि या तिघांपैकीं कोणाला पाहिलेलें नाहीं. वाडीवर जाऊन त्याची वही पाहण्याचें काम माझ्याकडे आहे. वर्धापनदिन तीन आठवड्यांवर आला आहे, आणि कार्यवाहांनीं शाल आधींच घेऊन ठेविली आहे.